सतरा माणसं, तेवीस बॅगा आणि गंगेचा गडू

आमच्या सोलापूरच्या घरी देवघरात डाव्या कोपऱ्यात एक तांब्याचा गडू आहे, तोंड झाळून बंद केलेला. आजी-आजोबा काशीला जाऊन आले तेव्हाचा. काशीची गंगा रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही हे आजी दर दिवाळीत एकदा तरी ऐकवायची, आणि दर दिवाळीत कोणाची परीक्षा, कोणाचं बाळंतपण, कोणाची बदली निघायची. मग आजोबा गेले. यंदा आजीला ८१ पूर्ण झाली आणि लक्ष्मीपूजनाला तिने तो गडू उचलून मोठ्या काकांच्या कानाशी हलवला. "पाणी वाजतंय बघ अजून." एवढंच. पण तिकिटं दोन महिन्यांपूर्वीच काढून झाली होती, काका फक्त तिला सांगायचं विसरले होते!

माणसं सतरा. सगळ्यात लहान दादाची चार वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठी आजी.

दिवस पहिला आणि दुसरा : रेल्वे

बुकिंगचं फार सांगत नाही, एकच सांगते. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, म्हणून आमची ६, ६ आणि ५ अशी तीन तिकिटं झाली आणि ती तीन वेगळ्या डब्यांत पडली. त्यात काकांनी हिशोबीपणे 'एक कुटुंब एक तिकीट' केलेलं, त्यामुळे एका डब्यात नुसती मोठी माणसं आणि दुसऱ्यात नुसती पोरं आणि त्यांच्यामागे मी. तुमचं असं होणार असेल तर प्रत्येक तिकिटावर एक म्हातारं माणूस, एक लहान मूल आणि एक सामान उचलणारा अशी वाटणी करा, घर कोणाचं ते बघू नका. आणि आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी तीन जण तीन मोबाइल घेऊन बसा.

सोलापूरला गाडी थांबते किती, आणि आमच्या बॅगा तेवीस. तीन डब्यांसमोर तीन टोळ्या उभ्या केल्या होत्या पण डबे आले भलतीकडेच, मग समोर दिसला त्या डब्यात सगळे घुसलो आणि आतून चालत गेलो. रात्रीची वेळ, लोक झोपलेले, आणि त्यांच्या पायांना आमच्या बॅगा लागत चाललेल्या. त्या सगळ्यांची इथे माफी मागते.

आजीचं सामान म्हणजे चादरीत बांधलेलं गाठोडं. आत प्रत्येक लुगडं वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या तोंडाला सुतळी. आत्याच्या दोन्ही मुली कॉलेजातल्या, त्या हसून हसून लोळल्या, "आजी, आपण पाणबुडीतून चाललोय का?" आजीने उत्तर दिलं नाही. गडू मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली.

दुसरा दिवस गाडीतच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. कडक भाकरी प्रवासाला का न्यायची तर ती खराब होत नाही आणि पोरांना चघळायला दिली की अर्धा तास शांतता मिळते. संध्याकाळी चेन्नईला उतरलो आणि एग्मोरहून रात्रीची तंजावरची गाडी धरली. त्या चार तासांत काकांनी आम्हाला अकरा वेळा मोजलं.

दिवस तिसरा : तंजावर

सरळ मदुराईला जायचं सोडून वाकडी वाट करून तंजावर हा माझा हट्ट होता. भाऊ म्हणाला देऊळच ना, पुढे देवळंच देवळं आहेत. बृहदीश्वराच्या समोर आल्यावर मात्र गप्प झाला. राजराज चोळाने बांधलेलं, १०१० मध्ये पूर्ण झालेलं, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे २१६ फूट. आकडा वाचून काही कळत नाही, खाली उभं राहून मान मागे टाकावी लागते आणि मग टोपी पडते तेव्हा कळतं.

पण आम्ही अडकलो ते ओवरीच्या भिंतीपाशी. तिथे मराठी शिलालेख आहे, देवनागरीत, ओळींमागून ओळी. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इकडे आले तिथपासून १८५५ पर्यंत इथे मराठ्यांचं राज्य होतं, हे शाळेत दोन ओळींत उरकतात. माझा मुलगा अकरा वर्षांचा, तो बोट लावून एकेक अक्षर वाचायला लागला. शब्द सगळे एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे वाचता येत होतं पण काय वाचतोय ते त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी मराठीत म्हणालं, परत वाच बाळ. पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, कपाळाला विभूती, सत्तरीचे गृहस्थ. तंजावर मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात म्हणाले, पण शाळा तमिळ, त्यामुळे देवनागरी कधी शिकलेच नाहीत. म्हणजे माझ्या मुलाला वाचता येत होतं पण अर्थ लागत नव्हता, आणि त्यांना अर्थ लागत होता पण वाचता येत नव्हतं. मग दोघं मिळून पाऊण तास भिंतीसमोर! हा वाचणार, ते थांबवणार, शब्द तोडणार, सांगणार. त्यांचं बोलणं ऐकायला गंमत वाटायची, क्रियापदं आपली आणि हेल तमिळ, आणि मधेच असे शब्द की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आजीला मात्र सगळं समजत होतं. तिने त्यांना विचारलं सासर कुठलं, म्हणजे त्यांच्या बायकोचं माहेर, आणि मग त्यांचं बरंच पुढे गेलं, डांगराच्या पच्चडीपर्यंत.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय बघितलं. हे सरफोजीराजे १८२० च्या सुमारास काशीयात्रेला गेले होते, बरोबर साधारण तीन हजार माणसं, आणि येताना पोथ्या घेऊन आले. हे वाचून काका बराच वेळ त्या काचेसमोर उभे होते. "तीन हजार. आणि मोजायचं कोणी?"

दिवस चौथा : मदुराई

तंजावरहून सतरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर केला होता. माणसं सतरा, सीट सतरा, हिशोब बरोबर. फक्त तेवीस बॅगा कुठे बसणार ते कोणी विचारलंच नव्हतं. गेल्या टपावर, ताडपत्रीखाली. हे वाचणाऱ्याने एवढं लक्षात ठेवा, माणसं मोजून त्यात सात-आठ सीट वाढवा आणि मगच गाडी ठरवा. पैसे जास्त जातात. जाऊ द्या.

आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस संपला, स्वेटर काढा. तिकडे उलटं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, तमिळनाडूचा खरा पावसाळा तोच. मला भूगोलात हे आलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण पॅकिंग करताना भूगोल कोणाला आठवतो? त्या दिवशी नुसतं आभाळ भरून आलं.

मदुराईत जेवायला केळीच्या पानावर. सतरा जण एका रांगेत बसल्यावर वाढपी खूश, एका टोकाला भात सुरू केला की दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्याचा संपलेला. 'पोदुम' हा शब्द पाठ करून जा, म्हणजे पुरे. आमच्या बाबांना तो आठवेना, ते दोन्ही हात पानावर आडवे धरून बसले तरी रसम आलंच, बोटांवरून. पोळी न मिळाल्याने काकूंचा चेहरा उतरला होता, त्यावर आजीने पिशवीतून मेतकूट काढलं.

मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करायचे. सतरा माणसांचे तेरा मोबाइल एका टोकनवर ठेवले आणि टोकन भावाकडे दिलं, ही चूक, कारण भाऊच हरवला. आत चौदा गोपुरं, चारी बाजूंना दारं, आणि हाताशी फोन नाही. मोबाइल नव्हते तेव्हा माणसं काय करायची, तर एक जागा ठरवायची, हे आजीने सांगितलं. आमच्याकडे जागा ठरलेली नव्हती. शेवटी तो सोन्याच्या कमळाच्या तळ्याच्या पायरीवर मोगऱ्याचा गजरा हातात घेऊन बसलेला सापडला, कोणासाठी घेतला ते त्याने अजून सांगितलेलं नाही. पण त्या शोधाशोधीमुळे उशीर झाला आणि रात्रीची शेजारतीची मिरवणूक बघायला मिळाली, सुंदरेश्वराची पालखी मीनाक्षीच्या शयनगृहात जाते ती. धूप, नादस्वरम, आणि दादाची मुलगी काकांच्या खांद्यावर डोळे टक्क उघडे ठेवून.

बाहेर आल्यावर जिगरठंडा. दूध, बदाम डिंक, सरबत, वर आइस्क्रीम. रात्री दहा वाजता सर्दी झालेल्या माणसाने पिऊ नये, मी प्यायले.

दिवस पाचवा : पांबन

पोरांना पांबनचा पूल रेल्वेतूनच बघायचा होता, म्हणून मदुराईहून रामेश्वरमची पॅसेंजर. सोळा जण गाडीत, आणि सामान ट्रॅव्हलरमधून, सोबत काका. जुना पूल १९१४ चा, तो आता बंद आहे, शेजारून नवा झालाय, २०२५ च्या एप्रिलपासून गाड्या त्यावरून जातात. मधला ७२ मीटरचा तुकडा सरळ वर उचलला जातो, लिफ्टसारखा, खालून जहाज जावं म्हणून. गाडी पुलावर आली आणि डबाभर लोक उठून खिडक्यांना लागले. खाली दोन्हीकडे नुसतं करडं पाणी, त्यावर पाऊस, आणि क्षितिज कुठे आहे तेच दिसत नव्हतं. आजीने गडू पदराखाली घेतला. कशाला ते विचारलं नाही.

रामेश्वरमला लॉजवर पोहोचलो तर दारात काका उभे, डोक्यावर टॉवेल. रामनाथपुरमच्या अलीकडे पाऊस आडवा झोडपत होता म्हणे, ताडपत्री एका बाजूने सुटली, ड्रायव्हरअण्णांनी दोनदा उतरून बांधली, काही उपयोग झाला नाही. बावीस बॅगा चिंब. भावाची तर उचलली की खालून धार लागायची.

खोल्यांत दोऱ्या बांधल्या, पंखे पाचवर टाकले, पांघरुणं, टॉवेल, जीन्स, सगळं लटकवलं. समुद्रावरची दमट हवा आणि बाहेर पाऊस, काय वाळणार. रात्री दोन वाजता खोलीला ओल्या चादरींचा वास आणि त्यात मी शिंकतेय.

आजीचं गाठोडं? चादर ओली. आतल्या पिशव्या सुतळीसकट जशाच्या तशा.

दिवस सहावा : रामेश्वर

पहाटे अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या २२ तीर्थांचं स्नान. तीर्थं म्हणजे विहिरी आणि कुंडं, कठड्यावर माणूस उभा असतो, बादली खाली सोडतो, वर ओढतो आणि तुमच्या डोक्यावर ओततो. एकीकडून दुसरीकडे पळायचं. समुद्राला लागून असूनही पाणी गोडं, आणि प्रत्येकाचं वेगळं, एक कोमट, दुसरं असं गार की श्वास अडकावा. कोरडे कपडे नव्हतेच त्यामुळे भिजायची भीती कोणालाच नव्हती. फरशी मात्र निसरडी, म्हाताऱ्या माणसाला दोन्ही बाजूंनी धरा.

आजीला आम्ही मंडपात बसवलं. माझा मुलगा प्रत्येक तीर्थाचं पाणी बाटलीच्या बुचात घेऊन पळत यायचा आणि तिच्या केसांवर शिंपडायचा, बावीस खेपा. आजी जवळपास कोरडी.

आता खरी अडचण. दर्शनाला ओल्या कपड्यांनी सोडत नाहीत. पुरुषांनी समोरच्या दुकानातून वेष्ट्या घेतल्या, वेल्क्रोवाल्या, त्यांचं पाच मिनिटांत आटोपलं (बाबांची वेल्क्रो पुढे प्राकारात, म्हणजे देवळाभोवतीच्या खांबांच्या ओवरीत, सुटली, ते असो). आमचं काय? ब्लाउज तेवढे रात्री पंख्याखाली वाळले होते. मग आजीचं गाठोडं उघडलं, पाच नऊवारी इरकली. काकू आणि आईने दुकानातून साध्या साड्या घेतल्या, बाकी आम्ही पाच जणी नऊवारीत.

आत्या सोडली तर काष्टा कोणालाही घालता येत नव्हता. कपडे बदलायच्या जागेत आजी एका बादलीवर बसून सूचना देत होती, "निऱ्या उजवीकडे घे, अगं उजवीकडे," आणि आत्याच्या धाकटीचं लुगडं तिसऱ्यांदा गळून पडलं. शेजारी एक तमिळ मामी ओले केस पुसत होत्या. त्यांना राहवेना. त्यांच्याकडे मडिसार असतं, तेही नऊवारीच, पण नेसायची तऱ्हा वेगळी, पदर दुसऱ्या खांद्यावर. त्या उठल्या, पोरीला स्वतःकडे फिरवलं आणि दोन मिनिटांत नेसवून मोकळ्या. आजीने ते नीट बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "हिचं पण सुटायचं नाही." मग दुसरी पोरगीही त्यांच्याकडेच गेली. म्हणून आमच्या फोटोत तिघींचा मराठी काष्टा आणि दोघींचं मडिसार आहे. पाणबुडीचा विनोद पुन्हा कोणी केला नाही.

गडू. गंगाजल अर्पण करायची तिथे वेगळी सोय आहे, आधी चौकशी करून ठेवा. तिथल्या माणसाने सवयीच्या हाताने झाळ फोडली. आजीला धाकधूक होती की इतक्या वर्षांत आत काय उरलं असेल. पाणी होतं. आम्ही गाभाऱ्यापासून लांब, आजीला दोघांनी उचलून धरलं म्हणून तिला तरी दिसलं. ती काही बोलली नाही, हातही जोडायची विसरली. रिकामा गडू परत मिळाल्यावर त्यात डोकावून मात्र बघितलं.

देवळाच्या तिसऱ्या प्राकारात १२१२ खांब आहेत. पोरांनी मोजायला घेतले, काकांनी त्यांना साथ दिली. चारशेच्या पुढे कुठेतरी भांडण झालं.

दिवस सातवा : धनुष्कोडी, मग कन्याकुमारी

ऊन पडलं! ट्रॅव्हलरच्या खिडक्यांतून कपडे वाळत घालत आम्ही धनुष्कोडीला निघालो, रस्त्यावरचे लोक हात करत होते.

रामेश्वरमपासून वीसेक किलोमीटर, शेवटी दोन्ही बाजूंना समुद्र आणि मधे फक्त रस्ता. १९६४ च्या डिसेंबरात २२-२३ च्या रात्री चक्रीवादळात सगळं गाव गेलं, स्टेशनात येणारी गाडी माणसांसकट लाटेखाली गेली. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पाण्याच्या टाकीचं जोतं आहे. त्याच आडोशाला कोळ्यांच्या झोपड्या, शंख विकणाऱ्या बायका. आजी म्हणाली ते तिच्या लग्नाचं वर्ष. चुली पेटवताना रेडिओवर ऐकलं होतं, पण गाव कुठलं ते तेव्हा कळलं नव्हतं.

पुढे टोकाला, अरिचलमुनईला, वारा असा की उभं राहवत नव्हतं. आजीने गडू माझ्या मुलाकडे दिला आणि वाळू भरून आण म्हणाली. त्याने काठोकाठ भरली.

तिथून कन्याकुमारी साधारण तीनशे किलोमीटर, सहा-सात तास. लहान मुलं असतील तर हा टप्पा तोडा, तुतुकुडीला मुक्काम करा. आम्ही केला नाही. तीन उलट्या, दोन भांडणं, आणि एकदा काकांची मोजणी सोळा आली म्हणून गाडी वळवली, तर ते स्वतःलाच मोजायचे राहिले होते.

दिवस आठवा : कन्याकुमारी

सूर्योदय ढगात. सकाळी समुद्र खवळलेला म्हणून बोटी बंद, इथे एक दिवस हातचा ठेवूनच जावं. आम्ही लाल केळी खात बसून राहिलो, अकराच्या पुढे बोट सुटली. विवेकानंद शिलास्मारक १९७० चं, ते उभं करण्यामागे एकनाथजी रानडे, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, देशभरातून लोकांकडून रुपया रुपया गोळा केलेला. आजी खडकावर बसल्या बसल्या म्हणाली, "यात तुमच्या आजोबांचा एक रुपया आहे." बाबांनाही हे पहिल्यांदाच कळलं. मग पोरं प्रत्येक दगडाला विचारत फिरली, हा आजोबांचा का.

शेजारच्या खडकावर तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा, आणि दोन्हींना जोडणारा ७७ मीटरचा काचेचा पूल, २०२४ च्या डिसेंबरअखेर सुरू झालेला. काचेखाली लाटा फुटतात. काका कडेच्या लोखंडी पट्टीवरून गेले, एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने दादाच्या मुलीला धरून. सोडू नको असं तीच त्यांना सांगत होती.

परत

जयंती जनता एक्सप्रेस, कन्याकुमारीहून केरळ, कोईम्बतूर, तिरुपती, गुंतकल करत सोलापूर. दीड दिवस. यावेळी तिकिटांची वाटणी नीट केली होती. केरळात पावसाने खिडक्या धुतल्या, गुंतकलपासून रंग तपकिरी झाले, कलबुर्गी आलं आणि काकूंनी भाकरीचा विषय काढला.

घरी आल्यावर बॅगा मोजल्या, चोवीस. एक जास्तीची कोणाची ते दोन दिवसांनी कळलं, भावाने मदुराईत गुपचूप घेतलेली. आजीने हातपाय धुतले, देवघरात गेली आणि गडू डाव्या कोपऱ्यात ठेवला.

"आई, हा आता रिकामा ना? घासून ठेवू का वर?" काकांनी विचारलं.

"रिकामा कुठला, सेतूची वाळू आहे. ती प्रयागला जाते, त्रिवेणीत."

काका पलंगावर बसले. माझा मुलगा भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर जाऊन साठ दिवस मोजायला लागला होता.